भरतीची की ओहोटीची? वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या नोंदवह्यांची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. वर्सोव्याच्या बंदरावर पहाटे होडी लागली, टोपल्या उतरल्या आणि मी माझं ठरलेलं काम सुरू केलं. मांदेली आणि बोंबलांचा नमुना घ्यायचा, एकेक मासा मोजपट्टीवर ठेवून लांबी लिहायची, काही मासे फॉर्मलिनच्या बाटलीत घालायचे आणि आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकायची. (पेनानं लिहिलेलं फॉर्मलिनमध्ये पुसट होतं, पेन्सिलीचं टिकतं. हा धडा प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात मिळतो.) वहीत तारीख, ठिकाण, होडी, जाळ्याचा प्रकार, सगळे रकाने भरले होते.

होडीवरचे काका शेजारी जाळं झटकत होते. त्यांनी वहीत डोकावून विचारलं, "ही भरतीची मासळी लिहिलीस की ओहोटीची?"

मी म्हटलं, "काका, तो रकानाच नाहीये."

"मग काय लिहिलंस?" ते म्हणाले आणि परत जाळं झटकायला लागले.

त्या एका प्रश्नानं माझ्या तीन महिन्यांच्या नोंदींची किंमत अर्ध्यावर आली. तेव्हा राग आला, आता येत नाही. त्या दिवसापासून मी जुन्या लोकांनी या किनाऱ्यावर काय लिहून ठेवलं, कसं लिहिलं आणि काय लिहायचं राहिलं हे शोधत बसले. हा लेख त्या शोधाबद्दल आहे.

जाळं जागेवर, समुद्र चालतो

आधी काकांचा प्रश्न समजून घेऊ. वेसाव्याच्या कोळ्यांचं (वर्सोवा हे नाव आपलं, गावकऱ्यांच्या तोंडी वेसावेच) पिढ्यान्‌पिढ्यांचं जाळं म्हणजे डोल. ही शंकूसारखी लांबलचक पिशवी असते. तोंड रुंद, आस मोठे, आणि मागे जाल तसे आस बारीक होत जातात. शेवटी मासळी साठते तो खोळा. हे जाळं ओढत फिरवायचं नसतं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, तोंड प्रवाहाकडे करून. जाळं जागेवर उभं राहतं आणि समुद्र त्यातून चालत जातो. पाणी थबकलं, म्हणजे प्रवाह उलटायच्या जरा आधी, खोळा वर ओढून मासळी काढतात.

म्हणजे डोलीत काय येणार हे पाणी कुठून कुठे चाललंय यावर ठरतं. भरतीचं पाणी बाहेरच्या समुद्राकडून येतं, ओहोटीचं पाणी खाडीकडून. जवळा, बोंबील, मांदेली यांच्यासारखी मासळी प्रवाहाबरोबर सरकते. दोन्ही वेळची मासळी एकाच रकान्यात लिहिणं म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या लोकलचे प्रवासी एकत्र मोजण्यासारखं आहे.

आता गंमत बघा. सागरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जे उपकरण हातात देतात ते प्लवकजाळं, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून घ्यायचं जाळं. आकार अगदी डोलीचाच: रुंद तोंड, निमुळती पिशवी, शेवटी खोळ्याच्या जागी एक बाटली. फरक एवढाच की हे जाळं आपण होडीमागे ओढतो. तोंडाचा व्यास अर्धा मीटर असेल तर क्षेत्रफळ होतं सुमारे ०.२ चौरस मीटर. ५०० मीटर ओढलं की सुमारे १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी गाळलं गेलं. त्यात माशांची १०० अंडी सापडली तर घनमीटरला एक. या साध्या भागाकारावर कितीतरी प्रबंध उभे आहेत. मला मात्र आता प्लवकजाळं पाहिलं की ती छोटी डोलच वाटते.

किनाऱ्यावर जाऊन शिकायची सुरुवात

समुद्री प्राणी शिकायचे तर समुद्रावर जायला हवं, हे आज उघड वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात बहुतेक प्राणिशास्त्र संग्रहालयातल्या बाटल्यांवर चालायचं. १८७२ मध्ये आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं इटलीत नेपल्सच्या किनाऱ्यावर संशोधन केंद्र काढलं. देशोदेशीच्या अभ्यासकांनी तिथे टेबल भाड्यानं घ्यायचं आणि रोज ताजे जिवंत प्राणी समोर मिळवायचे, अशी ती व्यवस्था. जपानमध्ये मिसाकीला १८८६ मध्ये, अमेरिकेत वुड्स होलला आणि इंग्लंडमध्ये प्लिमथला १८८८ मध्ये अशी केंद्रं उभी राहिली.

मुंबईचा त्या काळातला वाटा वेगळा होता. १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत 'इन्व्हेस्टिगेटर' नावाची सर्वेक्षण बोट बांधली गेली. मुख्य काम नकाशे आणि खोली मोजणं. पण बोटीवर एक डॉक्टर असायचा आणि त्यानं निसर्गअभ्यासही करायचा, अशी सोय होती. आल्फ्रेड अल्कॉक यांनी त्या पदावर काम करून १९०२ मध्ये हिंदी समुद्रातल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं. खोल समुद्रातले खेकडे, मासे, प्रवाळ यांची त्यातून मोठी नोंद झाली. पण हा अभ्यास बोटीवरून खोल पाण्याचा होता. कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर काय चाललंय, हे बघायला कोणी थांबलं नव्हतं.

ते काम मुंबईतल्या लोकांनी हातात घेतलं ते १९४० च्या दशकात. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे डी. व्ही. बाळ आणि एल. बी. प्रधान यांनी १९४४-४५ मध्ये मुंबईच्या पाण्यातली माशांची अंडी आणि पिल्लं यांची पाहणी सुरू केली. तिचा पहिला अहवाल १९४५ मध्ये सरकारी छापखान्यातून निघाला. विचार करा, महायुद्ध संपत होतं, बंदरात लष्करी बोटींची गर्दी होती आणि ही माणसं समुद्रात जाळं ओढून मोहरीपेक्षाही लहान अंडी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी करत होती. कारण सरळ होतं. मासळी वाढवायची तर ती अंडी कधी घालते हे कळायला हवं, आणि ते बाजारात उभं राहून कळत नाही.

१९५१ मध्ये मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. आपल्यापैकी बहुतेकांना ते शाळेच्या सहलीमुळे माहीत. पण त्या काचेच्या टाक्यांच्या जोडीला तिथे संशोधनही चालायचं. तिथे काम करणाऱ्या बोमन छापगर यांनी १९५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या सागरी खेकड्यांवरचा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. आजही मुंबईच्या खडकांवर एखादा अनोळखी खेकडा दिसला की आम्ही जी चित्रं उघडतो त्यात छापगर यांची असतातच.

वर्सोव्याची शाळा होते

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सागरी मत्स्य संशोधनाला सरकारी चौकट मिळाली. १९४७ च्या फेब्रुवारीत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय, स्थापन झाली. १९५२ मध्ये भारत-नॉर्वे करार होऊन केरळात मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प आला. इंजिनाच्या होड्या वाढणार, ट्रॉलर येणार, बर्फाचे कारखाने येणार, हे दिसत होतं. पण राज्याराज्यांतल्या मत्स्यखात्यांत हे सगळं समजणारे अधिकारी कुठून आणायचे?

त्यासाठी १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, म्हणजे सीआयएफई, सुरू झाली. सुरुवातीचे विद्यार्थी कोवळे पदवीधर नव्हते, नोकरीत असलेले अधिकारी होते. निरनिराळ्या राज्यांतून ते इथे दोन वर्षांच्या पदविकेसाठी यायचे. १९७९ मध्ये संस्था भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सात बंगल्याचा जुना परिसर आणि यारी रोडजवळचा नवा, दोन्ही वर्सोव्यातच. सात बंगल्याजवळच्या रस्त्याचं नावच फिशरीज युनिव्हर्सिटी रोड.

ती एकटीही नव्हती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. तिचं मुख्यालय गोव्यात, पण मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचा पत्ता बरीच वर्षं सात बंगले, वर्सोवा हाच होता. सीएमएफआरआयचं मुंबई केंद्रही आता सीआयएफईच्या जुन्या आवारात आहे. एका कोळीवाड्याच्या आसपास समुद्राच्या अभ्यासाच्या तीन राष्ट्रीय संस्था! अंधेरीत राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

वर्सोव्यात एका चालत्या फेरीत अभ्यासक्रम पुरा होतो. समोर वाळूचा किनारा, उत्तरेला मालाडच्या खाडीचं मुख, खाडीत तिवरांचा चिखल, आणि बंदरावर रोज उतरणारी मासळी. वाळूत चौकट टाकून आतल्या शिंपल्या मोजायच्या, खाडीत क्षारता मोजायची, बंदरावर मासे मोजायचे. हे सगळं चालत करता येतं, फक्त वेळ समुद्राची पाळावी लागते.

त्या वेळेचं गणित कोकणात आणि कोळीवाड्यांत आधीपासून तोंडपाठ आहे: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वा अकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण जमतं. आणि यातून अजून एक गोष्ट निघते. उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास येतं. भरती जर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास, तर सर्वांत खोल ओहोटी सहा तासांनी, म्हणजे पहाटे किंवा संध्याकाळी. दुपारची ओहोटी येते ती अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, आणि तेव्हा पाणी फारसं मागे जातच नाही. सागरी जीवशास्त्राची मुलं पहाटे पाच वाजता डोळे चोळत किनाऱ्यावर का दिसतात, याचं उत्तर या पाऊणपटीत आहे.

बोंबलाचं वय कसं काढायचं

एवढे मासे मोजून मिळतं काय, हे घरचेही विचारतात. म्हणून बोंबलाचं उदाहरण.

बोंबलाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं ते १८२२ मध्ये. पण मुंबईच्या नव्हे, बंगालच्या पाण्यातून, फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात. हा मासा पश्चिमेला गुजरात आणि महाराष्ट्राच्या उत्तर भागात भरपूर, पूर्वेला बंगालच्या बाजूला भरपूर, आणि मधल्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर जवळजवळ नाहीच. मुंबईच्या बोंबलाचा अभ्यास एस. व्ही. बापट यांनी सहकाऱ्यांबरोबर १९५१ मध्ये छापला. पुढे १९७० मध्ये सीएमएफआरआयनं त्यांचं बोंबलावरचं सविस्तर बुलेटिन काढलं.

थंड प्रदेशातल्या माशांच्या खवल्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं दिसतात. आपल्या उष्ण समुद्रात ती स्पष्ट नसतात आणि बोंबील तर नुसता मऊ, पाण्यानं भरलेला मासा. मग वय कसं काढायचं? यावर डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९० च्या दशकात एक युक्ती दिली होती. दर महिन्याला शेकडो मासे मोजा आणि कोणत्या लांबीचे किती हे कागदावर मांडा. एका वेळी जन्मलेल्या पिल्लांचा एक उंचवटा दिसतो. पुढच्या महिन्यात तोच उंचवटा थोडा उजवीकडे सरकतो. किती सरकला तेवढी वाढ.

या पद्धतीला महागडं यंत्र लागत नाही. लागतं ते सातत्य. एक महिना चुकला की उंचवटा हरवतो. आणि नमुना घेताना फक्त मोठे मासे उचलले, किंवा माझ्यासारखी भरती-ओहोटीची सरमिसळ केली, तर उंचवटा खोटा येतो. मग अंदाज चुकतो आणि त्या अंदाजावर उभा राहिलेला नियमही चुकतो. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. कुणी कुठे मासेमारी करावी, जाळ्याचे आस केवढे असावेत, कोणते महिने बंदी, या वादांत दोन्ही बाजू आकडे मागतात. ते आकडे बंदरावरच्या वह्यांतून येतात.

एक भगदाड मात्र सर्वांच्या वह्यांत सारखंच आहे. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग परत कामाला सुरुवात. पोटापाण्यासाठी आणि माशांसाठी हे योग्यच. पण बंदरावरून मिळणारं आपलं ज्ञान त्यामुळे मुख्यतः ऑगस्ट ते मे या महिन्यांचं आहे. पावसाळ्यात पाण्याखाली काय घडतं हे आपण बरंचसं आधीच्या आणि नंतरच्या पानांवरून ताडतो.

वहीत नसलेली माणसं

जुने प्रबंध वाचताना एक वाक्य सारखं भेटतं: नमुने अमुक बंदरावरून गोळा केले. बस्स. होडी कुणाची, जाळं कुणी ओढलं, हा मासा वेगळा आहे हे आधी कुणाच्या लक्षात आलं, यातलं फार थोडं कागदावर येतं. मीही माझ्या पहिल्या अहवालात हेच वाक्य लिहिलं होतं.

खरं तर आमच्या नमुन्याची पहिली निवड होते ती बंदरावर बसलेल्या मावशांच्या हातून. टोपली उलटली की त्यांचे हात जवळा, करंदी, मांदेली, बोंबील वेगळे करत जातात, आम्ही एक मासा ओळखेपर्यंत त्यांची टोपली संपलेली असते. त्यांच्या वर्गवारीत बाजारभाव आहे, टिकाऊपणा आहे, वाळवायचा की ओला विकायचा हे आहे. आमची वर्गवारी वेगळी, पण तिची पहिली पायरी तिथेच आहे. आणि त्यांना हेही माहीत असतं की पूर्वी जी मासळी टोपलीभर यायची ती आता मूठभर का येते. निदान कधीपासून, हे तरी नक्की.

माझ्या वहीत आता चार रकाने वाढलेत: तिथी, भरती की ओहोटी, खोळा किती वेळानं उचलला, आणि सांगणाऱ्यानं काय सांगितलं. शेवटच्या रकान्यात मी त्यांचंच वाक्य लिहिते, जसंच्या तसं. कोळीवाड्यातले शब्द प्रमाण भाषेत बदलायचे नाहीत, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे. नाव घालायचं का, हे त्यांना विचारून.

आज लिहिलेलं उद्याचं

मधल्या काळात वर्सोव्याचा किनारा पुष्कळ बदलला. २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी इथे कचरा उचलायला सुरुवात केली आणि त्या कामाची जगभर दखल घेतली गेली. २०१८ च्या मार्चमध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली. २०१७ पासून प्रदीप पाताडे आणि त्यांचे सहकारी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावानं सामान्य लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेतात, मोबाइलवर फोटो काढून नोंदी करायला शिकवतात. दुसरीकडे मालाडच्या खाडीत शहराचं सांडपाणी येतंच आहे आणि वर्सोवा–वांद्रे सागरी सेतूचं काम समुद्रात सुरू आहे.

पूल झाल्यावर कोणी विचारेल, मासळीवर परिणाम झाला का? या प्रश्नाला फक्त एकाच प्रकारे उत्तर देता येतं: आधी काय होतं ते लिहिलेलं असेल तर. याला आम्ही आधाररेषा म्हणतो. ती पूल झाल्यावर काढता येत नाही. बाळ आणि प्रधान यांनी अंडी मोजली तेव्हा, छापगर यांनी खेकडे रेखाटले तेव्हा, ऐंशी-सत्तर वर्षांनी कोणाला त्यांचा उपयोग होईल हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी त्या दिवशी जे दिसलं ते नीट लिहिलं, एवढंच. आधाररेषा नसेल तर नुकसान झालं असं म्हणणाऱ्या कोळ्याकडे आठवण असते, आणि झालं नाही असं म्हणणाऱ्याकडे अहवाल. आठवण आणि अहवाल यांच्या भांडणात कोण जिंकतं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून किनाऱ्यावर शिकणं हे मला नुसतं अभ्यासक्रमातलं प्रात्यक्षिक वाटत नाही. बादली घेऊन उभा राहिलेला प्रत्येक विद्यार्थी नकळत साक्षीदार होत असतो, आणि साक्ष अर्धवट असेल तर ती नसल्यासारखीच. माझ्या त्या तीन महिन्यांच्या नोंदी मी टाकल्या नाहीत. तारीख होती, म्हणून तिथी काढता आली. होडी लागायची वेळ होती, म्हणून पाऊणपटीच्या हिशोबानं भरती की ओहोटी हे बऱ्याच दिवसांचं ठरवता आलं. ज्या दिवसांचं ठरलं नाही, त्यांच्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलंय.

ते हिशोब मी काकांना दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे चुकलीस. त्या दिवशी वारा होता, आम्ही उशिरा आलो."

दोन्ही ठिकाणी ते बरोबर होते. आता वाऱ्याचाही रकाना आहे.